कान कोण पिळणार

मांडवाला आंब्याचे डहाळे बांधून झाले, आचारी चुलीची जागा पाहून गेला, उद्याच्या लग्नाचं सगळं ठरलं. ठरायची राहिली होती ती एकच गोष्ट. लाजाहोमाच्या वेळी नवरदेवाचा कान कोण पिळणार.

मुलीला भाऊ असला की हा प्रश्न पडतच नाही. भाऊ पुढं येतो, बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, नव्या मेव्हण्याचा कान पिळतो, कपडे घेतो आणि जेवायला पळतो. पण चंदर पाळदेला दोन मुलीच. तृप्ती चोवीस वर्षांची, आणि तिच्यानंतर पंधरा वर्षांनी झालेली मोहिनी. त्या पंधरा वर्षांत हिरानं किती देव पालथे घातले ते सगळ्या भावकीला पाठ होतं, आणि मोहिनी झाली तेव्हा कोणाचा चेहरा कसा उतरला ते हिराला पाठ होतं.

नाशिक रोडच्या प्रेस कॉलनीतलं ते दोन खोल्यांचं क्वार्टर सकाळपासून पाहुण्यांनी गच्च भरलं होतं. मे महिना. पंखा फिरत होता, पण वारा फक्त कपाटावरच्या पत्रिकांना लागत होता. हिरा स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसली होती आणि तिच्या दोन बाजूंना तिची थोरली जाऊ आणि थोरली नणंद, अशा दोन आघाड्या उघडल्या होत्या.

जाऊ भागीबाई विंचूरहून जीपनं आली होती. सोबत नवरा रावजी आणि मुलगा लखन. नणंद अंबूबाई इगतपुरीहून सकाळच्या पॅसेंजरनं आली होती. सोबत नातू राजू.

"लखनला नवी पँट शिवली हाय," भागीबाई म्हणाली. "कान पिळताना कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे. व्हिडिओ हाय म्हणत्यात ना?"

"व्हिडिओ आहे," हिरा म्हणाली.

"लखनचा काय संबंध?" अंबूबाईनं विचारलं. "चौदाचा झाला तो. मिशी फुटायला लागली. नवरदेवाचा कान मिशीवाल्यानं पिळायचा का? मग ती भांडणं वाटतील. कान पिळायला कोवळं पोर लागतं. आमचा राजू बरोबर वयाचा हाय."

"राजू चार वर्षांचा हाय, अक्का. त्याला अजून शू सांगता येत नाय."

"येती की. सांगतो तो. करून झाल्यावर सांगतो."

हिरानं खाली मान घालून हसू गिळलं. पण भागीबाई हसली नाही. तिनं पाटावरून पुढं सरकून आवाज खाली आणला.

"हिरा, गमतीची गोष्ट न्हाय ही. कान पिळला की तो भाऊ झाला. भाऊबीज त्याची, तृप्तीची पाठराखण त्याची. आपण काय आज हाय, उद्या नाय. चंदरभाऊजींच्या पुढ्यात कोण उभं राहणार, याचा इचार करायला नको का?"

पुढ्यात कोण उभं राहणार. मोहिनीच्या बारशाला, तृप्तीच्या दहावीच्या पेढ्यांना, सासू गेली त्या दिवशी, प्रत्येक वेळी कोणी ना कोणी हे वाक्य तिच्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. बोलणारी माणसं वाईट नव्हती. भागीबाईही नव्हती. मोहिनीच्या वेळी हिराचं बाळंतपण तिनंच केलं होतं. म्हणून तर हिराला उलट बोलता येत नसे.

"यांना विचारा," ती म्हणाली. "ते आणि भाऊजी ठरवतील."

"त्यांना काय कळतं?" दोघी एकदमच म्हणाल्या, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

बाहेरच्या खोलीत तृप्ती मेंदीचे हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसली होती आणि तिला हे सगळं ऐकू येत होतं. मोहिनी तिच्यासमोर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून फेऱ्या मारत होती. ती करवली होती. उद्या नवरीच्या मागं आंब्याची पानं आणि नारळ ठेवलेला कऱ्हा घेऊन उभं राहायचं, नवरी चालली की चालायचं, पाणी सांडायचं नाही आणि कऱ्हा खाली ठेवायचा नाही, एवढं तिला आत्यानं मागच्या खेपेलाच सांगून ठेवलं होतं. आठ दिवस ती शेजाऱ्यांच्या दारांतूनसुद्धा तांब्या घेऊन फिरून आली होती.

"ताई, त्या माझ्याबद्दल का बोलत नाहीत?" मोहिनीनं तांब्यावरची नजर न काढता विचारलं.

"कशाबद्दल?"

"कानाबद्दल. मी नऊ वर्षांची आहे. चार लहान आहे आणि चौदा मोठं आहे. नऊ बरोबर मधे येतं."

तृप्तीनं तिच्याकडं पाहिलं. मग ती उठली. "चल, ज्याचा कान आहे त्यालाच विचारू."

शेजारच्या सानपांकडं फोन होता. तृप्तीचे हात मेंदीचे, म्हणून मोहिनीनं नंबर फिरवला आणि स्टुलावर चढून रिसीव्हर बहिणीच्या कानाला लावून धरला. सानपकाकू भाजी चिरायची थांबल्या. सिन्नरला फोन तीनदा हातोहात फिरला, आणि शेवटी वाल्मीकचा आवाज आला. तो तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, उंच, सावकाश बोलणारा, आणि कोणतीही गोष्ट गंभीरपणे घेणारा.

"बसल्यावर तुमचा कान जमिनीपासून किती उंच येतो?" तृप्तीनं विचारलं.

पलीकडं थोडा वेळ नुसता गलका ऐकू आला.

"तृप्ती, उद्या लग्न आहे."

"म्हणून तर आज विचारते."

"थांब. टेप आणतो."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. पण खरंच कोणीतरी टेप आणली, कोणीतरी त्याला पाटावर बसवलं आणि कोणीतरी "सरळ बस की" म्हणालं. रिसीव्हरमधून सगळं येत होतं. तृप्तीला हसू आवरेना. मेंदी खराब होईल म्हणून तिला तोंडावर हातही धरता येईना.

"तीन फूट. अर्धा इंच कमी," वाल्मीक सांगू लागला. "आई विचारते, तुमच्याकडून कानात काही घालणार आहेत का. भिकबाळी वगैरे."

"नाही म्हणावं. कान पिळणार आहेत."

"मग ती म्हणते, जरा जपून. शाळेत गुरुजींनी आधीच खूप पिळलाय." मग त्यानं विचारलं, "कोण पिळणार आहे?"

"त्यावरूनच चाललंय. चौदा वर्षांचा एक आहे, चार वर्षांचा एक आहे. तुम्हाला कोण चालेल?"

"मला कोणीही चालेल. ज्याला मनापासून पिळावासा वाटतोय त्याला पाठवा."

"मला वाटतो," रिसीव्हर धरणारी मोहिनी म्हणाली.

"हे कोण बोललं?"

"करवली," तृप्ती म्हणाली.

वाल्मीकनं विचार केला. तो खरंच विचार करत होता हे तृप्तीला त्याच्या श्वासावरून कळलं, आणि या माणसाशी आपण लग्न करतोय याचा तिला त्या क्षणी फार आनंद झाला.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "नखं तेवढी काप म्हणावं."

दुपारी जेवणं झाल्यावर अंबूबाईनं जाहीर केलं की आता परीक्षाच घ्यायची. हळद लागायला अजून वेळ होता, उन्हात कोणाला बाहेर जाता येत नव्हतं, आणि घरात पोरं ओरडून ओरडून जीव खात होती. त्यापेक्षा हे बरं.

नवरदेव म्हणून चंदरला बसवलं. तो नाही म्हणत होता, पण त्याच्या नाही म्हणण्याला त्या घरात कोणी फारसं मोजत नसे. सव्वीस वर्षं प्रेसमध्ये मशीनवर उभं राहिलेला साधा माणूस. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून त्याला मान हलवायची सवय लागली होती, आणि आता शांततेतही तो मानच हलवायचा. तृप्तीनं तीन फुटांचं माप सांगितलं, म्हणून त्याच्याखाली एकावर एक दोन पाट आणि वर उशी आली. मोहिनीनं कपाटातून जुन्या मुंडावळ्या काढून त्याच्या कपाळाला बांधल्या. चाळिशी उलटलेला, बनियन घातलेला, मुंडावळ्या बांधलेला आपला नवरा पाहून हिरा दाराला टेकली आणि पोट धरून हसायला लागली. ती हसतेय हे पाहून चंदरनं सगळ्याला मान्यता दिली.

रावजी खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. तो सगळ्या भावकीतला थोरला. विंचूरच्या मार्केटात त्याची कांद्याची आडत होती आणि लिलावात त्याचा आवाज शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत जायचा. घरात मात्र तो अगदी हळू बोलायचा, आणि तरीही सगळ्यांना ऐकू यायचं.

"पहिला लखन," अंबूबाई म्हणाली.

लखन उठला. त्याचे हात-पाय गेल्या वर्षभरात एवढे लांबले होते की ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नसे. त्यानं काकाच्या कानाला दोन बोटं लावली आणि हळूच फिरवली.

"हे काय?" अंबूबाईनं विचारलं. "रेडिओ लावतोस का? स्टेशन सापडलं का?"

सगळे हसले. लखनचे कान चंदरच्या कानापेक्षा लाल झाले. "काकाला दुखंल," तो म्हणाला, पण 'काका' जाड आवाजात निघालं आणि 'दुखंल' बारीक, म्हणून पुन्हा हशा झाला. तो जाऊन भिंतीशी बसला.

"पोरगं हळवं हाय माझं," भागीबाई म्हणाली. "उद्या बरोबर करंल. आता राजूला घ्या."

राजूला अंबूबाईनं काखेत धरून आणलं. तो आंबा खात होता. चंदरचा कान पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं आंब्याचा हात बाजूला केला, तोंड पुढं नेलं आणि कान चावला.

चंदर दोन पाट आणि उशीसकट कलंडला. मुंडावळ्या नाकावर आल्या. राजूला ओढून काढायला दोघीजणी लागल्या, आणि सुटल्यावर तो अतिशय समाधानानं म्हणाला, "आजी, शू झाली."

सानपकाकू हसत हसत दारातच खाली बसल्या. हिरानं नवऱ्याच्या कानाला हळद लावली. तृप्ती म्हणाली, "पप्पा, हळद आज तुम्हालाच पहिली लागली," आणि परत सगळे सुरू झाले. पेपराच्या मागं रावजीचे खांदेसुद्धा हलत होते.

"आता मी," मोहिनी म्हणाली.

कोणी हो म्हणायच्या आत ती बापाजवळ गेली. दुसरा कान तिनं पाळीपासून नीट धरला, एकदा बापाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पिळला. चंदर "अगं अगं अगं" करत अर्धा उठला.

"हा," अंबूबाई म्हणाली. तिनं राजूची चड्डी भागीबाईच्या हातात दिली, कारण तिला आता दोन्ही हात मोकळे हवे होते. "याला म्हणत्यात कान पिळणं. माझ्या लग्नात रावजीनं असाच पिळला होता. अकरा वर्षांचा होता. तेव्हापासून आमचे हे मरेस्तोवर माझ्या शब्दाबाहेर गेले नाय."

"अक्का, तुम्ही मघाशी राजूचं म्हणत होता," भागीबाई म्हणाली.

"मघाशी त्यानं चावलं नव्हतं."

"पण पोरीनं कान पिळायचा? पाहुणे काय म्हणतील? ह्यांना पोरगं मिळालं नाय का म्हणतील."

"म्हणतील, नवरीला बहीण आहे," हिरा म्हणाली.

ती एवढं सरळ बोलली की तिलाच नवल वाटलं. भागीबाईनं तिच्याकडं पाहिलं. खोलीतलं हसू हळूहळू खाली बसलं.

रावजीनं पेपराची घडी घातली. "लखन पिळंल," तो म्हणाला.

"भाऊजी, मोहिनी..."

"हिरा, तिला काम हाय. करवली हाय ती. दोन्ही हातात कऱ्हा. कान कुठल्या हातानं पिळणार? आणि माझा भाऊ एकटा न्हाय, हे त्या मांडवात लोकांना दिसलं पाहिजे. म्हणून लखन पिळंल."

तो रागावून बोलला नव्हता. राग असता तर चंदरलाही काही बोलता आलं असतं. पण रावजीनं त्याला वाढवलं होतं, शिकवलं होतं, प्रेसमध्ये लागला तेव्हा स्टेशनवर सोडायला येऊन रडला होता. चंदरनं मुंडावळ्या सोडल्या. त्यानं हिराकडं पाहिलं, मग मोहिनीकडं, आणि सवयीनं मान हलवली.

मोहिनीनं तांब्या उचलला, पाणी भरलं आणि पुन्हा फेऱ्या मारायला लागली.

संध्याकाळी सिन्नरहून उष्टी हळद आली आणि कॉलनीतल्या बायका तृप्तीला माखायला लागल्या. लखन जिन्यात एकटाच बसला होता. त्याला हळदीची भीती वाटत होती, कारण दोन चुलत मावश्या त्याला शोधत होत्या. मोहिनी वरून आली. गालांना, केसांना, सगळीकडं हळद.

"नखं कापलीस का?" तिनं विचारलं. "वाल्मीक भाऊजींनी सांगितलंय."

लखननं हात दाखवले. मग म्हणाला, "मोहे, मला नाय पिळायचा."

"मग सांग ना मोठ्या बाबांना."

"त्यांना नाय म्हणता येत नाय मला. ते ओरडले असते तर म्हणलो असतो. ते म्हणतात, काकाला कोण नाय, आपण हाय. मग काय बोलणार?" त्याचा आवाज परत बारीक झाला. तो खाकरला. "तुला राग आला का माझा?"

मोहिनी त्याच्या शेजारी बसली. "तुझा नाही. मी पण आहे ना पप्पांना. मी आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही."

वरून मावश्यांचा आवाज आला. लखन पळायला उठला, पण उशीर झाला होता. मोहिनीनंच त्याचा पाय धरून ठेवला, आणि दोन मावश्यांनी त्याला नव्या पँटीसकट पिवळा केला.

दुसऱ्या दिवशी जेलरोडच्या मंगल कार्यालयात मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, बँड वाजला आणि सगळी गर्दी जेवणाकडं वळली. स्टेजवर गुरुजी, धूर, नवरा-नवरी, घरची माणसं आणि व्हिडिओवाला एवढेच उरले. रावजी होमाच्या बाजूला उभा होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. सकाळपासून त्याला एक गोष्ट खटकत होती आणि ती कोणती हे त्याला धड सांगता येत नव्हतं.

चंदर खुशीत होता. पाहुण्यांना वाकून वाकून नमस्कार करत होता. वरच्या बाजूला खरचटलेला त्याचा एक कान अजून हळदीनं पिवळा होता. हिरा रडून झाली होती आणि आता हसत होती. कोणीही रावजीच्या भावाला एकटा म्हटलं नव्हतं. खरं तर कोणी त्या नजरेनं बघतही नव्हतं. लोक मठ्ठ्याची चौकशी करत होते.

"मुलीचा भाऊ," गुरुजींनी हाक दिली. "लाह्या घ्या."

लखन पुढं आला. त्यानं सूप धरलं, तृप्तीच्या ओंजळीत लाह्या घातल्या, आणि हे त्यानं फार नीट केलं. एकही लाही खाली पडली नाही. रावजीचा ऊर भरून आला. लाह्या होमात पडल्या, तडतडल्या.

"आता कान. बसायला नको, उभ्यानंच होऊ द्या, पुढं सप्तपदी आहे," गुरुजी म्हणाले.

वाल्मीक उभा राहिला तो सरळ सहा फुटांपर्यंत उभा राहिला. तीन फुटांचं सगळं माप वाया गेलं. लखननं हात वर केला. हात कानापर्यंत पोचत होता, पण त्यानं कान धरला नाही. वाल्मीकनं मदत म्हणून मान थोडी कलती केली. लखन तसाच थांबला. मग त्यानं हात खाली घेतला आणि मागं वळला.

तृप्तीच्या मागं मोहिनी उभी होती. हिरवं परकर-पोलकं, केसांत गजरा, दोन्ही हातांत कऱ्हा. सकाळपासून ती अशीच उभी होती. बाकीची पोरं आइस्क्रीमकडं पळाली, बँडसमोर नाचली. ही हलली नव्हती. कऱ्ह्यातल्या पाण्याकडं बघत ती बहिणीच्या मागं मागं चालत होती, वळत होती, थांबत होती.

"मोहे, ये," लखन म्हणाला. आवाज फुटला आणि सगळ्या स्टेजला ऐकू गेला.

मोहिनीनं वर पाहिलं. मग कऱ्ह्याकडं पाहिलं. "कसं येऊ? हातात कऱ्हा आहे."

"खाली ठेव."

"खाली नाही ठेवायचा. आत्यानं सांगितलंय."

"नाय ठेवायचा," अंबूबाई मागून म्हणाली. "पण कोणी धरला तर चालतंय." आणि तिनं स्वतः काही तो धरला नाही. तिनं रावजीकडं पाहिलं.

मग एकेक करून सगळ्यांनीच रावजीकडं पाहिलं. लखननं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत भीती होती, पण तो जागचा हलला नाही. भागीबाईच्या खांद्यावर राजू झोपला होता. तिनं त्याच्या डोक्यावरून पाहिलं. हिरानं पाहिलं. चंदर मान हलवायची सोडून भावाकडं एकटक बघत होता. "दादा," तो म्हणाला, एवढंच.

रावजीला वाटलं, लखनला एक हाक मारावी. हळू आवाजात, नेहमीसारखी. पोरगं ऐकेल. सगळं ठरल्याप्रमाणं होईल. त्यानं मोहिनीच्या हातांकडं पाहिलं. कऱ्हा जड होता. नऊ वर्षांच्या पोरीची मनगटं कधीची ताठ होऊन गेली होती, आणि पाणी काठाशी जसं भरलं होतं तसंच होतं. काल आपणच म्हणालो होतो, हिला काम हाय, कान कुठल्या हातानं पिळणार. सकाळपासून खटकत होतं ते हेच, हे त्याला आत्ता कळलं. माझा भाऊ एकटा नाही हे लोकांना दाखवायला तो विंचूरहून पोरगा घेऊन आला होता, आणि ते दाखवणारी इथं सकाळपासून पाणी न सांडता उभी होती.

त्यानं उपरणं खांद्यावर घट्ट केलं, दोन पावलं पुढं टाकली आणि दोन्ही हात पसरले.

"आण इकडं," तो म्हणाला.

मोहिनीनं कऱ्हा त्याच्या ओंजळीत नीट बसवला, नारळ सरळ केला, आणि मगच सोडला. "वाकडा नका धरू, मोठे बाबा."

"नाय धरत."

लखननं तिला कमरेला धरून उचललं. परकर वर जाऊ नये म्हणून भागीबाई पुढं झाली आणि एका हातानं राजू, दुसऱ्या हातानं पुतणीचा परकर सांभाळत उभी राहिली. मोहिनी वाल्मीकच्या कानासमोर आली. तिनं पाळीपासून नीट धरला.

"नखं कापलीत," तिनं सांगितलं, आणि पिळला.

"आई गं," वाल्मीक म्हणाला. तो मनापासून म्हणाला हे सगळ्यांना कळलं. तृप्ती होमाच्या धुरात डोळे मिटून हसत होती.

"अगदी गुरुजींसारखा," वाल्मीकची आई म्हणाली, आणि लग्नाचे गुरुजी दचकले. त्यांना वाटलं आपल्याबद्दल बोलतायत.

"एक मिनिट," व्हिडिओवाला म्हणाला. "माझा कॅमेरा हलला. परत एकदा घ्या."

"परत?" वाल्मीकनं विचारलं.

परत घेतलं. या वेळी मोहिनीनं दुसरी बाजू निवडली, म्हणजे अन्याय नको. दोन्ही कान लाल झालेला नवरदेव हसत होता, अंबूबाई टाळ्या वाजवत होती, जेवायला बसलेले लोक पंगतीतून माना वर करून बघत होते. सिन्नरच्या पाहुण्यांनी कान पिळणाऱ्यासाठी शर्टपीस आणि जरीची टोपी आणली होती. वाल्मीकच्या आईनं थोडा विचार करून शर्टपीस लखनला दिलं आणि टोपी मोहिनीच्या गजऱ्यावर घातली. टोपी तिच्या भुवयांपर्यंत आली. लखननं तिला खाली ठेवलंच नाही. तो तिला तसाच उचलून स्टेजच्या कडेला घेऊन गेला, आणि भागीबाई मागून ओरडली की पँट फाटेल, पण ओरडताना हसत होती.

"सप्तपदी," गुरुजी म्हणाले. "मुलगी पुढं, वर मागं. करवली, तुम्ही मुलीच्या बाजूनं चला."

करवली नव्हती. करवली टोपी घालून लखनच्या कडेवर होती. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं.

तृप्तीनं तांदळाच्या पहिल्या पुंजीवर पाऊल ठेवलं. आणि तिच्या बाजूनं, धोतराचा सोगा सावरता येत नाही म्हणून पाय जरा फाकवून, दोन्ही हातांत कऱ्हा धरून, कांद्याच्या मार्केटातला रावजी पाळदे चालायला लागला. नजर पाण्यावर. दुसरं पाऊल. तिसरं. कोणीतरी हसलं, हिरा रडली, व्हिडिओवाला वाकून त्याचाच कऱ्हा टिपायला लागला, पण त्यानं मान वर केली नाही.

चंदर लगबगीनं त्याच्या शेजारी आला. डोळे पुसत, कानाला हळद तशीच.

"दादा, दे माझ्याकडं. मी धरतो."

"राहू दे," रावजी म्हणाला. "सांडंल."